चार अर्थ आणि एक साक्ष

गेल्या महिन्यात टोरांटोहून व्हिडिओ कॉल आला, तेव्हा माझ्या नातीने, रियाने, शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पासाठी मला विचारलं, "आजी, तू नोकरी काय करायचीस?"

मी म्हटलं, "बायबलमधल्या अवघड वचनांचे अर्थ सांगायचे."

तिने जरा विचार केला. "पण बायबल आधीच लिहून झालेलं होतं ना? मग त्यात तुझ्यासाठी काम काय शिल्लक होतं?"

मागून तिचा धाकटा भाऊ सॅम ओरडला, "आजी स्पेलिंग तपासायची!"

इकडे आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नाताळ अंकाचे संपादक बरेच दिवस मागे लागले आहेत की, बाई, तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा. तेव्हा दोघांचं समाधान एकाच लेखात करून टाकते. अंक छापून झाला की पानांचे फोटो पाठवीन, मग आईने वाचून दाखवावं. मधेच "म्हणजे काय?" असं विचारायला पूर्ण परवानगी आहे. माझी सगळी नोकरी त्याच प्रश्नावर चालली.

कोल्हापुरात आमच्या मंडळीचं मुलींचं एक बोर्डिंग होतं आणि त्याला लागून सेविकांचा वर्ग. सेविका म्हणजे गावोगाव फिरून, घरोघर बसून बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवणाऱ्या बायका. दोन वर्षं त्या आमच्याकडे शिकायच्या. मी इंग्रजीतून शिकलेली, थोडीफार ग्रीकची ओळख असलेली, आणि मसाल्याच्या डब्यांवरही नावांच्या चिठ्ठ्या चिकटवणारी. त्यामुळे अवघड भाग आपोआप माझ्याकडे आला. नोहाचं तारू, दावीद आणि गल्याथ, पाच भाकरी नि दोन मासे ही सगळी गोड कामं इतरांनी वाटून घेतली. माझ्या वाट्याला राहिलं ते मेलेले उठणार कसे, न्याय केव्हा होणार, कुणाचा होणार, आणि त्या दिवशी अंगावर कपडे कोणते असणार.

हसू नका. कपड्यांचा प्रश्न मला दर वर्षी एक तरी मुलगी विचारायचीच.

हा धंदा बाहेरच्यांना वाटतो तितका गूढ नाही. कुठलंही वचन समोर आलं की आधी बघायचं, कोण बोलतंय आणि कुणाशी बोलतंय. मग त्याच्या मागचं-पुढचं वाचायचं. आणि मग रागाने बोललंय, प्रेमाने बोललंय की कविता केलीय, ते ओळखायचं. मुलींना मी नेहमी एक उदाहरण द्यायचे. आपल्या कोल्हापुरात आई पोराला म्हणते, "परत रंकाळ्यावर गेलास तर तंगडं मोडून हातात देईन." आता हे वाक्य दोन हजार वर्षांनी कुणा परदेशी पंडिताच्या हाती लागलं, तर तो लिहील की कोल्हापुरात मुलांचे पाय मोडून त्यांच्याच हाती देण्याची प्रथा होती. दुसरा पंडित लिहील, छे, हे तळ्याला नैवेद्य देण्याबद्दल आहे. आणि ते पोर? ते त्याच संध्याकाळी दोन्ही पायांनी चालत घरी येऊन जेवलेलं असतं. पण पंडितांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. आई खरंच रागावलेली होती, आणि तळं खरंच खोल होतं.

न्यायाची वचनं अशी वाचायची असतात. तंगड्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नाही आणि तळं उथळ आहे असंही समजायचं नाही. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम कुठल्याच पुस्तकात नसतं. माणूस विचारतो एक आणि त्याला जाणून घ्यायचं असतं दुसरंच.

आमच्याकडे बुधवारी दुपारी बाहेरच्या लोकांसाठीही वर्ग असायचा. त्याला रोझीबाई यायच्या. लूकस मास्तरांच्या त्या दुसऱ्या पत्नी. एकदा सात नवऱ्यांच्या बाईचा उतारा निघाला. येशूला कोड्यात पकडायला काही लोक विचारतात, एका बाईचा नवरा वारला, तेव्हाच्या रीतीप्रमाणे तिने दिराशी लग्न केलं, तोही वारला, असं करत सातही भाऊ झाले, तर मग पुनरुत्थानाच्या, म्हणजे मेलेले उठतील त्या, दिवशी ती बायको कुणाची? वर्गात खसखस पिकली. एक बाई म्हणाल्या, "एकाचा डबा करताना कंबर मोडाय लागलीया, सातांचा कोण करणार?"

मी येशूचं उत्तर समजावून सांगितलं. तिथे लग्न करणं नाही, लग्न करून देणं नाही, देव जिवंतांचा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. रोझीबाईंची मान हलली नाही. वर्ग संपल्यावर त्या चपला शोधत रेंगाळल्या आणि म्हणाल्या, "पर बाई, मास्तरांचं काय हुईल?"

मग कळलं. मास्तरांच्या पहिल्या पत्नीच्या कबरीवर जो दगड होता, त्यावर तिच्या नावाखाली मास्तरांच्या नावापुरती जागा आधीच सोडलेली होती. रोझीबाई दर वर्षी तिथे फुलं घेऊन जायच्या आणि ती मोकळी जागा बघून परत यायच्या. त्यांना स्वर्गाची काळजी नव्हतीच.

मी मास्तरांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, स्वर्गाचं मी बघते. दगडाचं तुम्ही बघा." मास्तर समजूतदार. त्यांनी मोठा दगड घडवून घेतला. त्यावर आता तिन्ही नावं गुण्यागोविंदाने नांदतात.

आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे आमचे वस्ताद. तरुणपणी तालमीत घुमलेले, म्हातारपणी गुडघा बदलून घेतलेले. बायबलमधल्या एका पत्रात पौलाने मेलेल्यांच्या उठण्याला बियाण्याचं उदाहरण दिलंय. आपण पेरतो तो नुसता दाणा आणि उगवतं ते वेगळंच, हिरवंगार. मी जोंधळ्याचा दाणा हातावर घेऊन हे समजावत होते. वस्तादांनी हात वर केला.

"बाई, मग उठताना गुडघा कंचा मिळायचा? माझा मूळचा का हा कंपनीचा?"

"वस्ताद, सगळं शरीरच नवं."

"बरं. मग वय कंचं? कुस्तीतलं का आत्ताचं?"

"तिथे कुस्त्या नसतात, वस्ताद."

वस्तादांचा चेहरा उतरला. "मग उठून करायचं काय?"

याचं समाधानकारक उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही. सॅमला सुचलं तर त्याने कळवावं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात घडली आणि तिचं नाव हौसाबाई.

हौसाबाई नेसरीच्या बाजूच्या. घरची थोडी शेती होती. नवऱ्याचं नाव मारुती. बांधावरून चुलत भावाशी भांडण झालं, मारुतीच्या हातून खोऱ्याचा घाव बसला आणि भाऊ गेला. मारुतीला शिक्षा झाली, कळंब्याच्या तुरुंगात ठेवलं. नवऱ्याला भेटायला जवळ पडावं म्हणून हौसाबाई गाव सोडून कोल्हापूरला आल्या आणि आमच्याकडे भाकऱ्या थापायला लागल्या. भेटीच्या दिवशी स्वच्छ लुगडं नेसून कळंब्याची बस धरायच्या. पुढे मारुती आजारी पडला आणि शिक्षा संपायच्या आधीच वारला. भाऊबंदांनी गावाकडे नेऊन अग्नी दिला. हौसाबाई तेरावं करून परत आल्या, पदर खोचला आणि पुन्हा पिठात हात घातला.

स्वयंपाकघराची खिडकी वर्गाच्या व्हरांड्यात उघडायची. भाकरीच्या थापांबरोबर त्यांच्या कानावर आमची गीतं पडत गेली, वचनं पडत गेली. कुणी त्यांना आग्रह केला नव्हता. एक दिवस त्याच म्हणाल्या, "बाई, मलाबी बाप्तिस्मा घ्यायचा हाय." आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तेव्हा नवीन होते, तरुण, फार सज्जन. त्यांनी आनंदाने ईस्टरचा दिवस ठरवला.

त्याआधी काही आठवडे आमच्या आवारात उज्जीवनाच्या, म्हणजे लोकांची श्रद्धा नव्याने जागवायच्या, सभा झाल्या. बाहेरगावाहून एक वक्ते आले. आवाज असा दांडगा की मांडवाला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, तरी दोन लावले होते. त्यांनी न्यायाच्या दिवसावर भाषण केलं. प्रभूचं नाव न घेता मेले ते सगळे अग्नीच्या सरोवरात गेले, यात शंका नाही, असं त्यांनी सांगितलं. सरोवराची लांबी-रुंदी तेवढी सांगायची राहिली.

दुसऱ्या दिवशी बोर्डिंगच्या भाकऱ्या करपल्या. असं कधीच झालं नव्हतं. दुपारी पाळक माझ्याकडे आले. चेहरा कावराबावरा.

"मॅडम, हौसाबाईंनी नाव काढून घेतलं."

मी स्वयंपाकघरात गेले. हौसाबाई परात घासत होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मी वर जाऊन काय करू, बाई? त्यो खाली जळतोय आनि मी वर बसून गाणी म्हणतोय? असली बाईल न्हवं मी. त्यो जितं आसंल तितं मी जातो."

(रिया, कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल "मी जातो, मी म्हणतो" असंच बोलतात. व्याकरण दुरुस्त करायला जाऊ नकोस. मी जाऊन बघितलं आहे, उपयोग होत नाही.)

पाळक म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांना समजवा. तुमचा विषयच आहे." जसं काही माझ्या कपाटात "नवरा, बाप्तिस्मा न घेता मृत" अशी चिठ्ठी लावलेला एखादा डबा होता आणि तो नुसता उघडायचा होता.

मी समजवायला जायच्या आधीच प्रसंग माझ्या अंगावर आला. ईस्टरपूर्वी आम्ही वर्गात बायबलमधलं पेत्राचं पत्र वाचायचो. त्यात एक जागा आहे, जिच्यापुढे भलेभले दमतात. ख्रिस्त मरणानंतर तुरुंगातल्या आत्म्यांकडे गेला आणि त्यांना त्याने घोषणा केली, असं तिथे म्हटलंय. एका मुलीने तो भाग मोठ्याने वाचला, आणि त्याच वेळी हौसाबाई चहाची किटली घेऊन दारात आल्या.

त्या जागच्या जागी थांबल्या. "कंच्या तुरुंगात?"

मुली हसायला लागल्या.

"हसताय काय गं? बाई, कळंब्यातबी गेलता का त्यो?"

आता तर हास्याचा कल्लोळ झाला. मी हात वर करून मुलींना गप्प केलं आणि माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. म्हटलं, हौसाबाई, बसा. या वचनाचे चार अर्थ सांगितले जातात. काही म्हणतात, हे तुरुंगातले आत्मे म्हणजे नोहाच्या काळातले, ज्यांनी ऐकलं नाही ते. काही म्हणतात, ही माणसं नव्हेतच, देवाविरुद्ध जाऊन पतित झालेले देवदूत. काहींच्या मते ही घोषणा नोहाच्या तोंडून त्याच काळी झाली होती. आणि काही जुने शिक्षक म्हणतात की ख्रिस्त खरोखरच मेलेल्यांत उतरला आणि ज्यांना ऐकायची संधी मिळाली नव्हती त्यांना त्याने सुवार्ता सांगितली.

मुलींनी लिहून घेतलं. मला माझा फळा आवडला. चार अर्थ, एकाखाली एक, समान अंतर सोडून.

हौसाबाई किटली हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. "ही चार झाली. ह्यातला खरा कंचा?"

"विद्वानांचं त्यावर एकमत नाही."

"इद्वान ऱ्हाऊ द्यात तिकडं. तुमी सांगा. माझा माणूस कुठं हाय?"

आता कुणी हसलं नाही.

माझ्याकडे दोन उत्तरं तयार होती, दोन्ही सोपी. वक्त्यांचं उत्तर दिलं असतं तर कुणी मला चुकीचं ठरवलं नसतं. किंवा फळ्यावरच्या चौथ्या अर्थावर बोट ठेवून "हा खरा" म्हटलं असतं, तर हौसाबाईंनी तिथेच डोळे पुसले असते, चहा वाटला असता आणि ईस्टरला बाप्तिस्मा झाला असता. मनातून मला तो चौथाच हवासा होता. पण हवासा अर्थ आणि खात्रीचा अर्थ यांत फरक करायचा, हे मी त्याच मुलींना इतकी वर्षं घोटून शिकवलं होतं. आणि हौसाबाई त्या अर्थावर नुसती परीक्षा देणार नव्हत्या. सगळं आयुष्य त्यावर टेकवणार होत्या.

मी म्हटलं, "हौसाबाई, मला माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वळल्या आणि किटलीसकट निघून गेल्या.

थोड्या वेळाने मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, निदान चहा झाल्यावर तरी सांगायचं."

पाळकांना हे कळलं तेव्हा ते नाराज झाले. "मॅडम, आशा तरी द्यायची!" मी म्हटलं, "पाळकसाहेब, आशा देते. पण जी माझ्याकडे आहे तीच देईन."

त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. हौसाबाई भाकऱ्या करत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "तुमच्या माणसाचं मला माहीत नाही. पण ज्याच्या हातात न्याय आहे त्याच्याबद्दल थोडं माहीत आहे. तेवढं सांगू का?"

थापा जरा सावकाश पडू लागल्या. तेव्हा मी त्यांना एका स्तोत्राबद्दल सांगितलं. देव पृथ्वीचा न्याय करायला येतोय हे ऐकून रानातली झाडं आनंदाने गाऊ लागतात, असं त्यात आहे. न्यायाधीश येतोय म्हटल्यावर झाडांनी भ्यायला हवं की गायला हवं?

"झाडांस्नी कोर्ट म्हायत न्हाय," हौसाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्हाला?"

"मला म्हायत हाय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "समद्या तारखांना गेलतो मी. मागच्या बाकावर बसायचो. मारुतीबद्दल कोण कोण काय काय बोललं. जे तितं नव्हतं त्येबी बोललं. मी समोर हुतो त्या वक्ताला, बांधावर, जेवान घिऊन गेलतो. मला कुणी इचारलंच न्हाय. वकिलाला म्हणलं, मी सांगतो. त्यो म्हणला, बायकोची साक्ष कोण धरतंय, गप बस."

भाकरी फुगली. त्यांनी ती उलटली नाही.

"तितं इचारत्यात का, बाई?"

"कुठे?"

"वर. न्यायाच्या दिवशी. साक्ष घेत्यात का?"

माझ्या नोकरीत मला विचारलेल्या प्रश्नांपैकी हा एकच असा होता की ज्याचा अर्थ लावायला मला कोश उघडावा लागला नाही. मी त्यांना त्या विधवेची गोष्ट सांगितली. एका उर्मट न्यायाधीशाच्या दारात ती रोज जाऊन उभी राहते, माझं ऐक म्हणते, आणि शेवटी कंटाळून का होईना तो ऐकतो. येशू म्हणतो, असला माणूसही ऐकतो, तर देव ऐकणार नाही का? म्हटलं, "हौसाबाई, निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. पण तो न ऐकता निकाल लावत नाही. याचे चार अर्थ नाहीत. एकच आहे."

"भाकर जळली की तुमच्या नादात," हौसाबाई म्हणाल्या आणि तवा उतरवला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळकांना सांगितलं, "नाव घाला परत." पाळकांना वाटलं, मॅडमनी समजूत घातली. मलाही तसंच वाटलं. आम्हा दोघांनाही काही कळलेलं नव्हतं.

ईस्टरच्या सकाळी आमचं प्रार्थनामंदिर भरलेलं. वेदीजवळ निशिगंधाच्या छड्या, पाण्याचं भांडं, मोठं बायबल. हौसाबाई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून पुढे बसल्या होत्या. तेच, कळंब्याच्या भेटीचं.

आमच्याकडे रीत अशी की बाप्तिस्म्याआधी उमेदवाराने साक्ष द्यायची. आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते चार वाक्यांत सांगणं. मी पापी होतो, प्रभूने मला बदललं, आता मला शांती आहे, आमेन. लहानपणापासून ऐकून आम्हाला तो शब्द इतका सरावाचा झालेला की त्याला दुसरा अर्थ आहे हे आमच्या ध्यानातही राहिलेलं नव्हतं. आणि हौसाबाईंना आमचा अर्थ सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मला तर नाहीच. मी आपली पेत्राच्या पत्रात गुंतलेली.

पाळक म्हणाले, "हौसाबाई, पुढे या. साक्ष द्या."

हौसाबाई उठल्या. सरळ मोठ्या बायबलापाशी गेल्या, त्यावर उजवा तळहात ठेवला आणि सगळ्या मंदिराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवाशपत खरं सांगीन, खोटं सांगणार न्हाय. माझं नाव हौसा मारुती, ऱ्हाणार नेसरी, हल्ली मुक्काम कोल्हापूर."

मागच्या बाकांवर हसण्याची लाट उठली. हौसाबाई थांबल्या, हसणं संपू दिलं, आणि पुढे बोलू लागल्या.

"मारुतीनं मारलं. खोरं त्येच्याच हातात हुतं. न्हाय म्हणत न्हाय मी. त्येच्या भावानं आधी इळा उगारला, त्ये मी बघिटलं. पर मारलं ते मारलंच. खाली पडल्यावर मारुतीनं खोरं टाकलं आनि भावाला खांद्यावर घेतला. तसाच पळत सुटला डांबरी रस्त्यापतूर. मला म्हणला, हौसे, त्येच्या तोंडात पानी घाल. मी घातलं. त्येनं घोट घेतला. ह्ये कोर्टात कुणी सांगिटलं न्हाय, कारन बगायला मी एकटीच हुतो. म्होरं कळंब्यात मी भेटाय गेलो की पयलं त्या भावाच्या पोरांचं इचारायचा. साळंत जात्यात का म्हणायचा. आपल्याला पोरं न्हाईत. त्येंचंच इचारायचा. अंगात ताप हुता तवाबी त्येच."



पाळक हळूच पुढे वाकले. "हौसाबाई, प्रभूने तुमच्यासाठी काय केलं, ते सांगायचं."

"त्येच सांगतोय की! त्येनं ऐकून घेतलं. दुसरं कोण घेतलंतं?" मग वेदीच्या वर, जिथे नुसती भिंत आहे, तिथे बघून त्या म्हणाल्या, "एवढंच माझं सांगणं. आता म्होरलं तुझं तू बघ." आणि हात काढून घेतला.

पहिल्या रांगेतले आमच्या मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, उभे राहिले. शिस्तीचे गृहस्थ. "पाळकसाहेब, ही साक्ष नव्हे. ही मयत माणसाची वकिली झाली. हा बाप्तिस्मा पुढे ढकलावा."

पाळकांचा हात पाण्याच्या भांड्यापाशी थांबला. त्यांनी वडिलांकडे बघितलं, हौसाबाईंकडे बघितलं, आणि मग गर्दीत मला शोधून म्हणाले, "मॅडम?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले. माझ्यासमोर ना फळा होता ना चार अर्थ. मी म्हटलं, "न्यायाच्या दिवशी देव ऐकून घेतो, असा यांचा विश्वास आहे. इतका, की यांनी आपली साक्ष आजच त्याच्याकडे देऊन टाकली. आपण इथे आजवर दिलेल्या साक्षींत याहून मोठा विश्वास कुणी बोलून दाखवला असेल, तर त्यांनी आठवून सांगावं. मी थांबते."

मी खरंच थांबले. वडील खाली बसले. ते माणूस म्हणून चांगले होते. नंतर त्यांनीच हौसाबाईंना सगळ्यांत आधी हात जोडले.

पण त्या क्षणी मागून आवाज आला. वस्ताद कंपनीच्या गुडघ्यावर जोर देऊन उभे राहिले होते.

"पाळकसाब, बगताय काय? कुस्ती निकाली झालीया. घाला पानी!"

आणि पाळकांनी घातलं.

पुढे सेविकांचा वर्ग बंद झाला, बोर्डिंगही. आता लोक वचनाचा अर्थ मोबाइलला विचारतात. मोबाइल फार हुशार आहे, चारच्या जागी चौदा अर्थ सांगतो, आणि चहाही मागत नाही. त्याच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे. विचारणारा दारात किटली घेऊन उभा आहे, हे त्याला दिसत नाही. खंत म्हणाल तर ती माझ्या स्वतःबद्दलही आहे. मारुतीचं काय झालं असेल, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधते आहे. पेत्राचं पत्र ईस्टरच्या आधी दर वर्षी काढून बसते. चौथा अर्थ अजूनही हवासा आहे आणि अजूनही खात्रीचा नाही.

हौसाबाई आता थकल्या आहेत. अधूनमधून बुधवारी दुपारी येतात, सवयीने. मी चहा करते, कारण त्यांना माझ्या ओट्याशी उभं राहू दिलं की माझे डबे जागचे हलतात. परवा मी त्यांना चेष्टेने विचारलं, "हौसाबाई, माझी पाळी येईल तेव्हा माझ्यासाठी साक्ष द्याल का?"

"व्हय की. देतो."

"काय सांगाल?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "सांगीन, बाई लई शिस्तीची. चिठ्ठी लावल्याबिगर डब्यात मीठबी भरत न्हाय."

"आणि?"

"आनि काय?" त्यांनी एक घोट घेतला. "सांगीन की, तिला म्हायत नव्हतं तवा म्हायत न्हाय म्हणली."

तेव्हा रिया, तुझ्या प्रकल्पात माझी नोकरी काय होती, ते आता लिहून टाक. हौसाबाईंचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं घे, त्यांच्याच भाषेत. आणि सॅमला म्हणावं, स्पेलिंग तेवढं तू तपास.